बाहेरच्या रस्त्याने

६ नोव्हेंबर

प्रिय खारू,

परवा फोनवर तू बोलत राहिलीस आणि मी गप्प राहिले, त्याचा राग मानू नकोस. मला फोनवर बोलायला सुचत नाही. तुझे दादा होते तेव्हा फोन तेच घ्यायचे, मी मागून "मी विचारलंय म्हणून सांगा" एवढंच म्हणायचे. म्हणून लिहिते आहे. तूही लिहूनच कळव, म्हणजे मला सावकाश वाचता येईल.

आधी बातमी. मी सायकल घेतली. विजेवर चालणारी, दुकानातली सगळ्यात स्वस्त. राखाडी रंगाची आहे, पुढे जाळीची टोपली आहे.

कारण तुला ठाऊक आहे. जलशुद्धीकरण केंद्रात माझी शिफ्ट सकाळी सहाची आणि पहिली बस सहानंतर सुटते. इतकी वर्षं ह्यांनी मला मोटरसायकलवरून सोडलं आणि दुपारी न्यायला आले. हे गेल्यावर प्रयोगशाळेतला एक सहकारी त्याच्या गाडीतून नेत होता, त्याची आता दुसरीकडे नेमणूक झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, "ताई, तुमचं कसं करायचं?" मी वेळेवर पोहोचत असेन तर प्रश्न नाही. नाहीतर तुझ्या गावच्या पाणीबिलांच्या कार्यालयात माझी बदली करतील. बदली झाली की हे घर सोडावं लागेल आणि तुझ्याकडे यावं लागेल. तू मायेनेच बोलावतेस, हे मला कळतं. पण खारू, मला हे घर सोडायचं नाही. सध्या मला एवढं एकच नक्की माहीत आहे.

शाळेत असताना मी सायकल चालवत होते. तळमजल्यावरचे निवृत्त बसचालक काका पुन्हा सवय करून द्यायला तयार झाले आहेत. सायकल पाहून म्हणाले, "माझी बस बंद पडली तर ढकलायला पन्नास माणसं असायची. हिला ढकलायला तुम्ही एकट्याच."

भावोजींना नमस्कार.

तुझी
वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडून घेते.

सायकल? अगं, तू मोटरसायकलवर मागे बसायचीस तरी दादाचा शर्ट मुठीत धरून. त्याचे सगळे शर्ट पाठीवर एकाच जागी चुरगळलेले असायचे. माहेरी आले की इस्त्री मीच करायचे, म्हणून सांगते. आणि आता तू पहाटेच्या अंधारात एकटी रस्त्यावर! आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "स्वस्तातली वीज म्हणजे शॉकच." त्यांना विनोद करायला कोणी सांगितलं नव्हतं. पण मुद्दा बरोबर आहे.

माझ्या शिवणाच्या खोलीत खिडकीजवळ जागा मोकळी केली आहे. गणवेशांचे गठ्ठे माळ्यावर टाकले. तिथे तुझी खाट बसते, मी टेप लावून मोजली. दिवसभर मशीनचा आवाज असतो, पण तू काही तक्रार करणाऱ्यातली नाहीस. बिलांच्या कार्यालयात बसून काम, वर पंखा. काय वाईट आहे त्यात? तिथे त्या घरात एकटी भिंतींकडे बघत बसतेस, त्यापेक्षा इथे माझी बडबड ऐक. दादाबद्दल बोलायला मलाही इथे कोणी नाही गं. मी त्याचं नाव काढलं की हे लगेच उठून पाण्याची बाटली भरायला लागतात.

ऐकणार नसशीलच तर निदान एक बरं आहे, तुझा रस्ता सरळ आहे. गोदामाच्या वळणावर तेवढं जपून जा. दादा तिथे नेहमी दहा हॉर्न वाजवायचा.

आता नमस्कार.

खारू


२ डिसेंबर

प्रिय खारू,

तुझं भांडण वाचून बऱ्याच दिवसांनी हसू आलं. त्या वळणाबद्दल मात्र पुन्हा लिहू नकोस.

सायकलचं सांगते. ही दिसते साध्या सायकलसारखी, पण वागते वेगळी. पायडलचा अर्धा फेरा झाला की मोटर जागी होते आणि मागून कोणीतरी हात लावून ढकलल्यासारखं होतं. पाय थांबवले तरी ती क्षणभर ढकलतच राहते. उजव्या मुठीला पीळ दिला तर पायडल न मारताही पळते. पहिल्या दिवशी मी ती बंद न करताच हाताने धरून फाटकातून बाहेर काढत होते. फाटक अरुंद, म्हणून हँडल घट्ट धरलं. मूठ पिळली गेली आणि सायकल मला ओढत समोरच्या कचऱ्याच्या डब्यावर गेली. काका खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "उतरलात की आधी बटण बंद करायचं. आणि दुसरं, घाबरल्यावर माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. हिला घट्ट धरलं की ही आणखी पळते. म्हणून घाबरलात की मूठ सैल आणि बोटं ब्रेकवर. ब्रेकला नुसता हात लागला तरी मोटर थांबते." हे ऐकायला सोपं आहे. माझ्या हाताला अजून पटत नाही.

आता रोज जाते. बाहेर पडते तेव्हा अंधार असतो. सायकलचा दिवा बरा आहे. आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे कुत्रीही उशिरा भुंकतात.

एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. इतकी वर्षं मी ह्यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसले. जाताना एक बाजू दिसायची, येताना दुसरी. दुकानं, फाटकं, झाडं सगळी मला बाजूने माहीत आहेत. समोरचा रस्ता मी कधी पाहिलाच नाही, कारण समोर ह्यांची पाठ असायची. आता समोर काही नाही आणि सगळं एकदम अंगावर येतं.

तक्रार एकच आहे, बॅटरी पुरत नाही. दुकानदाराने एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर सांगितले होते. पण परतताना अर्ध्या वाटेवर हँडलजवळच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा संपतात. मग ती नुसतीच जड सायकल. चढ आला की ढकलत आणते. केंद्रात चार्जिंगला लावू देत नाहीत, शेजारी क्लोरीनच्या टाक्या आहेत म्हणून, आणि ते योग्यच आहे. घरी आले की बॅटरी काढून दोन मजले वर चढवते. भरलेल्या पिठाच्या डब्याएवढी जड आहे.

पण शिफ्ट सांभाळली जाते आहे. क्लोरीन तपासायला पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकले, पाणी नीट पिवळं झालं, वहीत आकडा भरला की मला बरं वाटतं.

तुझी
वहिनी


१३ डिसेंबर

वहिनी,

तुला फसवलंय! मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडला. तुझ्या घरापासून केंद्र नऊ-दहा किलोमीटर. दादा म्हणायचा, तीन-चार गाणी म्हणून होईपर्यंत पोहोचतो. म्हणजे जाऊन-येऊन वीस. चाळीस सांगून वीससुद्धा पुरत नाही म्हणजे दुकानदाराने तुला जुनी बॅटरी चिकटवली. उद्याच्या उद्या जा आणि भांड. भांडता येत नसेल तर काकांना घेऊन जा. त्यांनी आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून प्रवाशांशी वाद घातलाय, त्यांना जमेल. (ते काम कंडक्टरचं असतं असं हे म्हणतायत. असू दे.)

नाहीतर मला खरं सांग, सुटल्यावर जातेस कुठे? एखादी मैत्रीण मिळाली असेल तर मला आवडेल. चोरून भेटायची गरज नाही.

खारू

ता.क. वळणाबद्दल का लिहायचं नाही? दादा गेला म्हणून त्याने वाजवलेल्या हॉर्नचीही आठवण काढायची नाही का? मी तर काढणार.


३० डिसेंबर

प्रिय खारू,

दुकानात गेले, एकटीच. भांडता आलं नाही. दुकानदार म्हणाला, "काकू, चाळीस म्हणजे रस्ता सपाट, वारा मागून आणि वर बसलेला शाळकरी पोरगा." मग त्याने विचारलं, तुम्ही रोज जाता किती? मी सांगितलं. त्याने मान हलवली. "मग हिला कशाला शिव्या देता? तेवढ्या पल्ल्याला ही गाडीच नाही. मला आधी सांगायला हवं होतं."

म्हणजे दोष त्याचा नाही. भावोजींचा हिशोबही बरोबर आहे. मीच तुला पूर्ण लिहिलं नव्हतं.

मी सरळ रस्त्याने जात नाही. बाहेरच्या रस्त्याने, कालव्याकडून जाते. जवळजवळ दुप्पट पडतं. ज्या वळणावर हे गेले तिथून मला जाववत नाही. सहकाऱ्याच्या गाडीत होते तोवर गोदाम जवळ आलं की डोळे मिटून घ्यायचे. सायकलवर डोळे मिटता येत नाहीत. तू त्या पत्रात "वळणावर जपून जा" असं इतक्या सहज लिहिलंस, की मी ते पत्र दोन दिवस पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. तुझ्या मनात वाईट काही नसणार. पण मला तसं जमत नाही.

बाहेरचा रस्ता वाईट नाही. कालव्याच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, चढ आहे, तिथे मोटर कण्हायला लागते म्हणून मी उतरते. मोरीचा कठडा जुन्या दगडाचा, ओबडधोबड आहे, पण त्याचा एक भाग नव्याने बांधलेला आहे. सिमेंट गुळगुळीत आहे आणि बसायला बरं. परतताना तिथे बसून पाणी पिते. भर दुपारी त्या बाजूला कोणी नसतं. खारू, दिवसभरात तेवढाच वेळ माझ्या डोक्यात काही नसतं. घरात जिकडे बघावं तिकडे हे आहेत. केंद्रात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी आजारी आहे. मोरीवर मला कोणी ओळखत नाही. गेल्या आठवड्यात तिथे बसले असताना पहिल्यांदाच वाटलं, जमेल मला.

अडचण एवढीच, की उशीर होतो. एकदा रात्री चार्जिंगची पिन नीट बसली नव्हती, सकाळी मोरीच्या अलीकडेच रेघा संपल्या. पोहोचले तेव्हा शहराकडे पाणी सोडायची वेळ टळून गेली होती आणि साहेब स्वतः नमुने घेत होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पाणी कोणासाठी थांबत नाही. पुन्हा असं झालं तर मला बदलीचा कागद पुढे पाठवावा लागेल."

म्हणून आता आणखी लवकर निघते.

तुझी
वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

बाहेरच्या रस्त्याने जाऊ नकोस. सरळ रस्त्याने जा. ते होत नसेल तर बदली घे आणि इकडे ये. पण त्या मोरीवर थांबू नकोस. कारण विचारू नकोस, माझं ऐक.

आमच्या ह्यांची तब्येत बरी आहे.

खारू


१४ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ रस्त्याने गेले. म्हटलं, धाकटी असली तरी माझ्या भल्याचंच सांगत असेल.

गोदामाची भिंत दिसेपर्यंत ठीक होते. मग वळण आलं आणि माझे हात हँडलवर आवळले गेले. काकांनी इतकं सांगून ठेवलं होतं तरी आवळले. मूठ पिळली गेली, सायकल पळाली, मी गोदामाच्या लोखंडी फाटकावर आदळले. डाव्या मनगटाला पट्टी आहे, गुडघा सोलला आहे. रखवालदार धावत आला. मला उठवताना विचारत होता, "घरी कोणाला कळवू?" मग मला रिक्षात बसवून त्याने सायकल आत ठेवून घेतली.

त्या दिवशी शिफ्टला पोहोचलेच नाही. साहेबांनी कागद तयार ठेवला आहे. महिनाअखेरपर्यंत मी सांगायचं, नेमाने येणार की बदली घेणार.

तुला हेच हवं होतं का? तू खाटेची जागा मोजून ठेवलीस तेव्हापासून तुझं एकच म्हणणं आहे, "इकडे ये". ज्या रस्त्याला मी भिते त्याच रस्त्यावर मला ढकलायचं, म्हणजे मी हात टेकीन आणि ट्रंक भरीन. दुसरं कारण मला दिसत नाही आणि तू तर म्हणतेस कारण विचारू नकोस.

लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते. हे गेले त्या आठवड्यात तू होतीस, त्यानंतर एकदाही आली नाहीस. मी बोलावलं नाही हे खरं, पण माहेरी यायला तुला कधी आमंत्रण लागलं होतं? आणि घरी पाऊल न टाकता मी कोणत्या रस्त्याने जायचं आणि कुठे बसायचं ते तू तिथून ठरवणार!

मनगट बरं झालं की मी बाहेरच्या रस्त्यानेच जाणार आहे. त्या मोरीवर बसायला मला तुझी परवानगी नको.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तू पडलीस ती माझ्यामुळे. आता सांगते. उभी असशील तर बसून वाच.

दादा गोदामाच्या वळणावर गेला नाही. त्या वळणावर काहीच झालेलं नाही. त्या दिवशी सरळ रस्त्यावर एक ट्रक आडवा बंद पडला होता, दुपारभर वाहतूक अडली होती. तुझी शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. तू केंद्राच्या फाटकात उभी राहशील म्हणून तो कालव्याकडून निघाला. मोरीच्या चढावर समोरून वाळूची गाडी आली. तो कठड्यावर आदळला. वहिनी, कठड्याचा जो भाग नवीन आहे तो त्या दिवशी पडला, म्हणून नवीन आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बोलावलं तेव्हा आम्ही दोघं तिथे गेलो. दगड खाली कालव्यात पडले होते. दादाची एक चप्पल पाण्याच्या कडेला होती. हे ती आणायला खाली उतरत होते, मी उतरू दिलं नाही. का ते मला माहीत नाही. ती तिथेच राहिली.

तुला कोणी सांगितलं नाही हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, हॉस्पिटलात सांगितलं असेल. ह्यांना वाटायचं, मी सांगितलं असेल. तू कधी विचारलं नाहीस. मी समजले, तुला तो विषय नको आहे. तू सायकल घेतलीस तेव्हाही मी निर्धास्त होते, सरळ रस्त्याने जाशील म्हणून. वळणावर जपून जा लिहिलं ते दादाच्या हॉर्नची आठवण म्हणून. तुझ्या मनात ते वळण काय आहे, हे मला काय माहीत!

मग तुझं मोरीचं पत्र आलं. मी मशीनवर होते. कॉलर तशीच सुईखाली राहिली, नंतर उसवावी लागली. मी महिनाभर उत्तर लिहिलं नाही. सगळं गेल्यावर तू पहिल्यांदाच लिहिलं होतंस की "जमेल मला". ते तुला कुठे बसून वाटलं, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? आणि न सांगता तुला रोज तिथे बसूही कशी द्यायची? मग ते चार ओळींचं मूर्ख पत्र पाठवलं. ह्यांनी पेटीत टाकण्याआधी वाचलं आणि म्हणाले, "याने ती तुझ्यावर चिडेल." मी म्हटलं, चिडू दे, तिथे बसायची तरी थांबेल. तू पडशील हे डोक्यातही नव्हतं.

मी का येत नाही तेही विचारलंस. स्टँडवरून घरी येणारी रिक्षा त्या मोरीवरूनच येते. ऑक्टोबरात मी निघाले होते. स्टँडवर उतरले, रिक्षावाल्याने पत्ता ऐकून "चला" म्हटलं आणि मी उलटी फलाटाकडे वळले. फलाटावर दोन तास बसले आणि परतीची बस धरली. घरी सांगितलं की तुला भेटून आले, तू बरी आहेस. हे म्हणाले, "काय जेवलात दोघी?" मी पटकन तीन पदार्थ सांगितले. ते अजून अधूनमधून त्यातल्या एकाची चौकशी करतात.

तुला इकडे बोलावत होते ते तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. तू इथे आलीस की मला तिथे यावं लागलं नसतं आणि दादाबद्दल बोलायला माणूस मिळालं असतं. त्या खाटेत दुसरा काही डाव नव्हता.

आता तू ठरवशील ते. मी काही सांगणार नाही.

खारू


२१ मार्च

प्रिय खारू,

तुझं पत्र मी बसूनच वाचलं.

त्यानंतर काकांनी गोदामातून आणलेली सायकल जिन्याखाली तशीच उभी होती. सुट्टी मनगटाच्या नावावर घेतली आणि साहेबांकडून उत्तराची मुदतही वाढवून घेतली. बॅटरी कपाटाशेजारी पडून होती. एक दिवस काका वर आले, दारातूनच म्हणाले, "तुम्ही जा किंवा जाऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण बॅटरी रिकामी ठेवलीत तर ती मरेल." त्यांच्यासमोर पिन लावली, म्हणून ते गेले.

आधी तुझा राग आला. मग ह्यांचा आला, की थोडा उशीर झाला असता तर मी फाटकात उभी राहिले असते, काय बिघडलं असतं. मी कितीदा उभी राहिले आहे. मग तोही ओसरला. तू उसवलेल्या कॉलरचं लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं की नाही, हे मला ठरवता येत नाही. सुरुवातीलाच कळलं असतं तर मी कोणत्याच रस्त्याने गेले नसते. विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं की कोणीतरी सांगितलं असतं. अपघात म्हटल्यावर मी मनानेच गोदामाचं वळण धरलं, कारण हे तिथेच हॉर्न वाजवायचे.

मनगटाची पट्टी निघाल्यावर सरळ रस्त्याने गेले. वळणावर उतरले आणि बाजूला उभी राहून गोदामाच्या दिव्याच्या उजेडात बघितलं. गोदामाची भिंत, तिच्यावर वाळत घातलेली गोणपाटं, एक बंद पडलेला वजनकाटा. इतके महिने मी त्या जागेला भीत होते आणि तिने माझं काहीच केलं नव्हतं. मला जरा शरमल्यासारखं झालं. रखवालदाराने ओळखलं. "आज फाटकाला धडकायचं नाही का?" म्हणाला. केंद्रात पोहोचले तेव्हा प्रयोगशाळेला अजून कुलूपच होतं, इतक्या लवकर. बॅटरीच्या दोन रेघा तेवढ्या गेल्या होत्या.

त्यानंतर रोज वेळेवर आहे. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर फाडला नाही, ते तसले नाहीत. त्यांनी तो फाईलमध्ये मागे ढकलला आणि म्हणाले, "राहू दे इथे. आता नमुने तुम्हीच घ्या, माझा अंगठा पिवळा झालाय." तेव्हा मी इथेच राहते आहे, खारू. खाटेच्या जागेवर गठ्ठे पुन्हा ठेवायला हरकत नाही.

तू मात्र ये. मी स्टँडवर येईन. रिक्षावाल्याला सरळ रस्त्याने घ्यायला सांगू, लांबून जावं लागलं तरी. तुला फलाटावर बसावंसं वाटलं तर आधी तिथे बसू. भावोजींना ते तीन पदार्थ कोणते सांगितलेस ते कळव. मी एकदा करून ठेवते, म्हणजे तुझं खोटं निदान अर्धं तरी खरं होईल. ह्यांच्याबद्दल तुला जे बोलायचं आहे ते बोल. मला उत्तर सुचेलच असं नाही, पण मी बाटली भरायला उठणार नाही.

परवा दुपारी परतताना बाहेरच्या रस्त्याने आले. ठरवून. मोरीच्या बऱ्याच अलीकडे उतरले, बटण बंद केलं आणि चढ चालत चढले. मोटर बंद असली की ती फार जड आहे. कालव्याला पाणी सोडलं आहे, काठापर्यंत भरून चाललंय, कडेला काही दिसलं नाही. मी कठड्यावर बसले नाही. नव्या भागाला हात लावला, तो उन्हाने तापलेला होता. तिथे बसून पूर्वी जसं डोकं रिकामं व्हायचं तसं झालं नाही. ह्यांच्याशी मनात बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

मागून एक टेम्पो आला. माझ्याजवळ येऊन थांबला. चालकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काकू, बॅटरी संपली का? मागे टाकू सायकल?"

मी "हो, संपली" म्हटलं. "पण राहू दे, चालत जाते. जवळच आहे."

घर अजून बरंच लांब होतं आणि बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तो गेल्यावर मी मोरी ओलांडली, उतार लागेपर्यंत चालले आणि मग सायकलवर बसले.

उद्या सहाची शिफ्ट आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी
वहिनी